गर्भनिश्चयाचा इतिहास

स्त्रीला गर्भ राहिल्याची वार्ता मराठींत ‘तिला दिवस गेले आहेत’ अशा शब्दांनीं सांगतात. ह्या वाक्यांत गर्भाचें नांव नाहीं, मुलाचें नाहीं, आनंदाचें किंवा भयाचेंहि नाहीं; आहे ती केवळ काळाची मोजदाद. घरांतील कर्त्या बायका बोटांवर दिवस मोजीत, कोणती तिथि टळली, कोणता सण मध्यें येऊन गेला ह्याच्या खुणा मनांत ठेवीत, आणि पुरेसे दिवस उलटले म्हणजे ही गोष्ट हलक्या आवाजांत एकमेकींच्या कानीं घालीत. भाषेनें येथें एक ऐतिहासिक सत्य जपून ठेवलें आहे. तें असें कीं, मानवजातीच्या आयुष्यांतील बहुतेक सर्व काळ गर्भ राहिला कीं नाहीं हें कळण्यास दिवस जाऊं देणें ह्यावांचून दुसरा खात्रीचा उपाय नव्हता.

पाळी चुकणें आणि गर्भ ठरणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. आजार, उपासमार, मनाचा धक्का, अंगावर पिणारें मूल, सरत आलेलें वय, अशा कितीतरी कारणांनीं पाळी लांबते. त्यामुळें पाळी लांबली म्हणजे जो उत्पन्न होतो तो निश्चय नव्हे, संशय होय. ह्या संशयाचा इतिहास लिहिण्याजोगा आहे काय, असें कोणी विचारील. हा विषय माजघरांतला, त्याला इतिहासाच्या दिवाणखान्यांत काय काम, असाहि आक्षेप निघेल. परंतु राजांची सिंहासनें, घराण्यांचे वारसाहक्क, फांसाची शिक्षा झालेल्या बायकांचे प्राण आणि विधवांची अब्रू हीं सर्व ज्या एका प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत थांबलीं, तो प्रश्न माजघरांत निघाला म्हणून क्षुद्र ठरत नाहीं. बखरींत व दप्तरांत त्याचा उल्लेख क्वचित् येतो, ह्याचें कारण तो गौण होता हें नसून दिवस मोजणारीच्या हातांत लेखणी नव्हती हें आहे.

संशय फेडण्यासाठीं योजलेल्या उपायाचा एक अतिप्राचीन लेखी पुरावा इजिप्तचा आहे. ख्रिस्तपूर्व तेराव्या-चौदाव्या शतकांतील एक वैद्यकीय पपायरस बर्लिन येथें जतन केलेला आहे. त्यांत सांगितलेली कृति अशी : स्त्रीनें जव व गहूं ह्यांच्या पिशव्यांवर रोज मूत्र टाकावें, जव उगवले तर मुलगा, गहूं उगवले तर मुलगी, आणि कांहींच न उगवलें तर गर्भ नाहीं. आधुनिक वाचक ह्यावर हंसेल. पण इजिप्तमधील संशोधकांनीं हा प्रयोग मुद्दाम करून पाहिला व आपले निष्कर्ष १९६३ सालीं प्रसिद्ध केले. गर्भवती स्त्रियांच्या मूत्राच्या सुमारें ७० टक्के नमुन्यांत धान्य उगवलें, गर्भ नसलेल्यांच्या नमुन्यांत उगवलें नाहीं. मुलगा कीं मुलगी हें भविष्य मात्र साफ फसलें. म्हणजे ‘गर्भ आहे’ असें त्या पिशव्यांनीं सांगितलें तर तें बहुधा खरें असे; पण ‘नाहीं’ असें सांगितलें तर शंभरांतील तीस गर्भवतींना त्या फसवीत. ‘आहे’ आणि ‘नाहीं’ हीं दोन उत्तरें सारख्या वजनाचीं नसतात, ही गोष्ट वाचकांनीं येथें ध्यानांत ठेवावी. ती पुढें तीन हजार वर्षांनंतरहि पुन्हां भेटणार आहे.

ग्रीकांच्या हिपोक्रेटिसाच्या नांवावरील सूत्रांत याहून सोपा उपाय आहे. रात्रीं न जेवतां निजावयास जाणाऱ्या स्त्रीला मध व पाणी एकत्र करून पाजावें. पोटांत कळा आल्या तर गर्भ आहे, न आल्या तर नाहीं. आपल्याकडील आचार्यांची वृत्ति निराळी होती. त्यांनीं परीक्षा घेण्यापेक्षां लक्षणें पाहण्यावर भर दिला. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत ऋतुदर्शन न होणें, तोंडाला पाणी सुटणें, अन्नावरील वासना जाणें, ओकारी, आंबटाची आवड अशीं लक्षणें ओळीनें दिलीं आहेत. सुश्रुतानें चौथ्या महिन्यांतील गर्भिणीला दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, म्हटलें आहे. आपला ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ ह्या शब्दावरून आलेला आहे, आणि ‘दोन जिवांची’ ह्या आपल्या बोलण्यांतहि तीच कल्पना वावरते. ह्या लक्षणांच्या यादींत एकहि लक्षण असें नाहीं कीं, जें अन्य कारणानें उद्भवूं शकत नाहीं. परंतु तीं सर्व एकत्र जुळून आलीं व दिवसहि जात राहिले म्हणजे अनुमान बळकट होई. आमच्या आज्या-पणज्यांचें शास्त्र हेंच होतें, आणि तें टाकाऊ नव्हतें. तें सावकाश होतें, इतकेंच.

मध्ययुगीन युरोपांत मूत्र पाहून सर्व कांहीं सांगूं म्हणणाऱ्या वैद्यांचा सुळसुळाट झाला. कांचेच्या भांड्यांत मूत्र घेऊन त्याचा रंग, गढूळपणा व वरची साय पाहून ते गर्भाचें निदान करीत. टॉमस ब्रायन नांवाच्या इंग्रज लेखकानें १६३७ सालीं लंडन येथें एक पुस्तक प्रसिद्ध करून ह्या ‘मूत्र-भविष्यवाद्यां’ची भरपूर टर उडविली. न्यायासनानें त्यांच्यावर विश्वास टाकला नाहीं, हें शहाणपणाचें झालें. इंग्लंडच्या कायद्यांत फांसाची शिक्षा झालेल्या स्त्रीनें आपण गर्भवती असल्याचें सांगितल्यास प्रौढ विवाहित स्त्रियांचें एक पंचमंडळ बसे व तें तिची तपासणी करी. पोटांतील गर्भ हालूं लागला आहे असें त्यांनीं सांगितलें तर प्रसूति होईपर्यंत शिक्षा लांबे. गर्भाचें पहिलें स्फुरण साधारणपणें चौथ्या-पांचव्या महिन्यांत जाणवतें. त्यापूर्वींचा गर्भ कायद्याच्या दृष्टीनें अज्ञात, आणि म्हणून असून नसल्यासारखा. ही स्त्री-पंचांची पद्धति इंग्लंडमध्यें १९३१ च्या कायद्यानें संपुष्टांत आली. तोंपर्यंत बिचाऱ्या कैदिणीचा प्राण दुसऱ्या बायकांच्या हाताच्या स्पर्शज्ञानावर अवलंबून असे.

स्फुरण हा त्या काळीं सर्वांत बळकट पुरावा. पण तोहि किती फसवा असूं शकतो, हें इंग्लंडच्याच एका राणीनें अनुभविलें. पहिली मेरी हिचा विवाह स्पेनच्या फिलिपशीं जुलै १५५४ मध्यें झाला. तेव्हां ती ३८ वर्षांची होती. त्याच वर्षीं शरद ऋतूंत तिची पाळी थांबली, पोट वाढूं लागलें, आणि नोव्हेंबरांत मूल हाललें असें तिनें सांगितलें. लंडनच्या देवळांतून ईश्वराचे आभार मानण्यांत आले. मेरी ही निष्ठावंत कॅथॉलिक. तिला मूल झालें तर इंग्लंड कॅथॉलिक राहणार, न झालें तर तिची सावत्र बहीण एलिझाबेथ गादीवर येणार, असा हा पेंच होता. राणी बाळंतपणांत मेलीच तर मुलाच्या वतीनें कारभार फिलिपनें पाहावा, असा कायदाहि पार्लमेंटनें करून ठेवला. एप्रिल १५५५ मध्यें राणी हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यांत बाळंतपणासाठीं जाऊन राहिली. परदेशच्या राजांना पाठवावयाचीं पत्रें, जन्माची तारीख तेवढी कोरी सोडून, लिहून तयार झालीं. एप्रिलच्या अखेरीस राजपुत्र झाल्याची हूल उठली. लंडनच्या घंटा वाजल्या व रस्त्यांतून होळ्या पेटल्या. दुसऱ्याच दिवशीं ती बातमी खोटी ठरली. मे गेला, जून गेला, जुलै गेला. वैद्य हिशेब चुकला असें म्हणत व तारीख पुढें ढकलीत. ऑगस्टच्या आरंभीं राणीनें एक शब्दहि न बोलतां तो राजवाडा सोडला. पाळणा रिकामा राहिला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत फिलिप यूरोप खंडांत निघून गेला. १५५८ मध्यें राणीला पुन्हां तसाच भास झाला. त्या मार्चमध्यें केलेल्या मृत्युपत्रांत तिनें होणाऱ्या मुलाचा उल्लेख केला आहे. नोव्हेंबरांत ती वारली व एलिझाबेथ राणी झाली. ह्या प्रकरणाकडे कुचेष्टेनें पाहणारे इतिहासकार झाले आहेत. परंतु उत्कृष्ट वैद्य, अनुभवी सुइणी व अख्खा दरबार दिमतीला असतांहि जिला दहा-अकरा महिने आपल्याच शरीराचा थांग लागला नाहीं, त्या स्त्रीविषयीं करुणेवांचून दुसरी भावना मनांत येऊं नये.

मेरीच्या कथेंत असलेला गर्भ नव्हता. आपल्या इतिहासांत ह्याच्या उलट प्रसंग घडला. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचें वय अवघें १८ वर्षांचें. रघुनाथराव पेशवे झाले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर असल्याचें कळल्यावर सखारामबापू, नाना फडणीस प्रभृति मुत्सद्द्यांनीं जो कट उभारला, तो बारभाईंचें कारस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. रघुनाथराव स्वारीवर असतां १७७४ च्या आरंभीं गंगाबाईस पुरंदर किल्ल्यावर नेण्यांत आलें, आणि तिच्या नांवानें कारभार सुरू झाला. १८ एप्रिल १७७४ रोजीं तिला मुलगा झाला. तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं.

ह्या दोन तारखा आपण शाळेंत पाठ केल्या, परंतु त्यांच्यामधले दिवस कोणी मोजून पाहत नाहीं. ते मोजण्याजोगे आहेत. खुनापासून जन्मापर्यंत २३१ दिवस जातात. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत सरासरीनें २६६ दिवस धरतात. मूल पुऱ्या दिवसांचें होतें असें मानल्यास गर्भ १७७३ च्या जुलैच्या अखेरीस राहिला असला पाहिजे. आणि पाळीचें चक्र सर्वसाधारण धरल्यास खून झाला त्या दिवशीं गंगाबाईची पाळी चुकून सुमारें तीन आठवडे झाले असावेत. म्हणजे शनिवारवाड्यांत रक्त सांडलें, त्या घटकेला मराठी राज्याचा पुढचा वारस ही एका कोवळ्या वयाच्या मुलीच्या मनांतील शंका होती. त्या धक्क्यानें, त्या शोकानेंहि पाळी लांबूं शकते, हें वाड्यांतील जाणत्या बायकांना ठाऊक असणारच. तेव्हां पुढचे दोन-तीन महिने केवळ वाट पाहण्याचे. मुत्सद्द्यांच्या बुद्धिमत्तेचें आपण कौतुक करतों तें योग्यच आहे. पण ज्या बातमीवर त्यांनीं आपलीं शिरें पणाला लावलीं, ती बातमी खरी कीं खोटी हें ठरविण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. तें ज्ञान अंतःपुरांतून आलें, आणि तें तेथल्या बायकांनीं दिवस मोजून मिळविलेलें होतें. आणि गर्भ आहे हें ठरलें तरी तो पुत्र कीं कन्या हा दुसरा जुगार शिल्लक होताच.

अनिश्चिततेच्या जागीं वदंता उगवते. पुरंदरावर आणखीहि गरोदर ब्राह्मण स्त्रिया नेऊन ठेवल्या होत्या, म्हणजे वेळ पडल्यास मुलाची अदलाबदल करतां यावी, अशी कुजबूज तेव्हां झाली व ग्रँट डफनें ती आपल्या इतिहासांत नोंदविली. रघुनाथरावांनीं मुलाचें औरसत्व नाकारलें आणि ६ मार्च १७७५ रोजीं मुंबईकर इंग्रजांशीं सुरतेचा तह केला. साष्टी व वसई देऊं करून त्यांनीं फौजेची मदत मागितली. त्यांतून जें युद्ध पेटलें तें १७८२ च्या सालबाईच्या तहानें शांत झालें. ह्या युद्धाचें कारण केवळ गर्भाचा संशय होतें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. रघुनाथरावांची महत्त्वाकांक्षा व इंग्रजांचा लोभ हीं त्याचीं खरीं कारणें. परंतु त्या महत्त्वाकांक्षेला दारांत पाऊल ठेवावयास जी फट मिळाली, ती फट त्या संशयाची होती.

राजघराण्यांतील संशयानें लढाया झाल्या; सामान्य घरांतील संशयानें काय झालें, त्याची नोंद कोणी ठेवली नाहीं. सुवासिनीच्या घरीं पाळी चुकली म्हणजे सासू मनांतल्या मनांत देवाला हात जोडी; तीच पाळी केशवपन केलेल्या बालविधवेची चुकली म्हणजे तिला विहीर दिसूं लागे. चिन्ह एकच, अर्थ दोन. आणि अर्थ शरीर ठरवीत नव्हतें, समाज ठरवीत होता. पुण्यांत १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तें अशा विधवांनीं गुप्तपणें येऊन सुखरूप बाळंत व्हावें म्हणून. तेथें आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्या दांपत्यानें दत्तक घेतला. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत. १८८१ सालीं सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला बालहत्येबद्दल फांसाची शिक्षा झाली, पुढें ती कमी करून काळ्या पाण्याची केली गेली. त्या प्रकरणावरील चर्चेनें संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. ती १८८२ त पुण्यास छापली गेली. ह्या स्त्रियांना पहिल्या महिन्यांत निश्चित उत्तर मिळतें तर त्यांचें दैव पालटलें असतें काय ? बहुधा नाहीं. ज्या समाजांत उत्तर ‘आहे’ असें आल्यावर पुढें उघडलेलें एकहि दार नसतें, तेथें लवकर कळणें म्हणजे केवळ अधिक दिवस जळणें होय. ज्ञानाला उपयोग येतो तो त्यावर वागण्याची मोकळीक असेल तरच.

आतां प्रयोगशाळेकडे वळूं. बर्लिन येथील शारिते रुग्णालयांत सेल्मार आशहाइम व बर्नहार्ड झोंडेक ह्या दोघां संशोधकांनीं १९२७-२८ च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, गर्भवतीच्या मूत्रांत एक विशिष्ट अंतःस्राव पुष्कळ प्रमाणांत असतो. तें मूत्र वयांत न आलेल्या उंदरिणींना टोंचलें असतां त्यांच्या अंडाशयांत पक्वतेचीं चिन्हें कांहीं दिवसांतच दिसूं लागत. एका परीक्षेला साधारणपणें पांच उंदरिणी लागत व निकालासाठीं त्या मारून पाहाव्या लागत. ज्या पपायरसाचा वर उल्लेख केला तोहि बर्लिनांतच; धान्याच्या पिशवीची जागा उंदरानें घेतली, एवढेंच म्हणावयाचें. पण ह्या वेळीं ‘आहे’ व ‘नाहीं’ हीं दोन्ही उत्तरें बहुतेक खरीं निघत. नाझी राजवट येतांच ह्या दोघां ज्यू शास्त्रज्ञांना जर्मनी सोडावी लागली. आशहाइम पॅरिसला गेला आणि झोंडेक स्वीडनमार्गें जेरुसलेमला. अमेरिकेंत मॉरिस फ्रीडमन ह्यानें १९३१ सालीं उंदरांऐवजीं सशाची मादी घेतली. दक्षिण आफ्रिकेंत लॅन्सलॉट हॉग्बेन ह्यानें ‘झेनोपस’ जातीच्या बेडकीचा गुण हेरला. गर्भवतीचें मूत्र टोंचल्यावर ती कांहीं तासांतच अंडीं घाली, तिला मारावें लागत नसे व तीच बेडकी पुन्हां उपयोगीं पडे. १९३० नंतरच्या तीसएक वर्षांत युरोप-अमेरिकेंतील असंख्य बायकांचें भवितव्य ह्या बेडकींनीं सांगितलें.

ज्या १९२७ सालीं बर्लिनमध्यें हें चाललें होतें, त्याच सालच्या जुलैंत मुंबईंत र. धों. कर्वे ह्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें. शरीराच्या गोष्टी मराठींत सरळ शब्दांनीं बोलाव्या म्हणून त्यांनीं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या व दंड भरले. आज हा लेख अशा मासिकांत कुटुंबांतील सर्वांनीं वाचावा म्हणून निःसंकोचपणें लिहितां येतो, ह्याचें कांहीं श्रेय त्यांना आहे.

प्रयोगशाळेनें संशयाचा काळ महिन्यांवरून आठवड्यांवर आणला, परंतु एक किंमत घेतली. पूर्वीं गर्भाची पहिली बातमी गर्भवतीलाच असे. आतां तिचें मूत्र बाटलींतून जाई, निकाल डॉक्टरकडे येई, आणि तो सांगेल तेव्हां तिला कळे. १९६० सालीं स्वीडनमध्यें वीदे व येमत्सेल ह्यांनीं प्राण्यांवांचून, रक्तपेशींच्या गुठळ्या होण्या-न होण्यावरून निदान करण्याची रीत काढली. त्या रीतीनें परीक्षा कांचेच्या नळींत आली. ती नळी स्त्रीच्या हातांत देण्याची कल्पना मात्र एका चित्रकर्त्रीला सुचली. न्यू जर्सींतील एका औषध-कंपनींत मार्गारेट क्रेन ही २६ वर्षांची तरुणी वेष्टणांच्या व सौंदर्यप्रसाधनांच्या आंखणीसाठीं नोकरीस होती. १९६७ सालीं तेथील प्रयोगशाळेंत आरशावर ओळीनें टांगलेल्या नळ्या तिनें पाहिल्या व हें तर बायकांना घरींहि करतां येईल असें तिच्या मनांत आलें. टांचण्यांच्या एका पारदर्शक डबीवरून तिनें नमुना बनविला : आंत नळी, खालीं आरसा, दोन तासांनीं तळाशीं तांबूस वलय दिसलें तर गर्भ आहे. वरिष्ठांचा प्रथम विरोध झाला. डॉक्टर रागावतील, आणि भलता निकाल पाहून एखादी अविवाहित मुलगी जिवाचें बरेंवाईट करील, अशी भीति तेव्हां बोलून दाखविली जाई. अखेर १९७१ मध्यें ही परीक्षा कॅनडांत विक्रीस आली आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत. क्रेनला पेटंटच्या हक्काबद्दल नांवाचा एक डॉलर देऊं करण्यांत आला होता. तिचा मूळ नमुना २०१५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयानें विकत घेतला.

१९७८ सालीं अमेरिकन बायकांना ह्या घरगुती परीक्षेविषयीं जे आंकडे सांगितले जात, ते पाहण्यासारखे आहेत. ‘आहे’ हें उत्तर ९७ टक्के खरें, ‘नाहीं’ हें उत्तर ८० टक्के खरें. इजिप्तच्या पिशव्या वाचकांना आठवल्या असतील. यंत्र सुधारलें, पण ‘नाहीं’ हें उत्तर तेव्हांहि दुबळेंच राहिलें. ह्यांत यंत्राचा दोष थोडा, प्रश्नाचा स्वभाव अधिक. ‘आहे’ म्हणावयास कांहींतरी सांपडावें लागतें. ‘नाहीं’ म्हणजे केवळ अजून सांपडलें नाहीं.

त्यानंतरची प्रगति मोठी आहे. कोह्लर व मिलस्टाइन ह्यांनीं १९७५ सालीं एकजिनसी प्रतिपिंडें तयार करण्याची युक्ति काढली व पुढें १९८४ चें नोबेल पारितोषिक मिळविलें. १९८० नंतरच्या दशकांत त्या युक्तीवर आधारलेली पट्टी निघाली. ती मिनिटांत उत्तर देते आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांत मिळते. तरीहि दोन रेघांपैकीं दुसरी रेघ आहे कीं नाहीं, फिकट आहे ती खरी कीं भास, असा घोर लागलेल्या बायका आजहि घरोघर आहेत. त्याचें कारण असें. जो अंतःस्राव ही पट्टी शोधते, तो गर्भ गर्भाशयाच्या अस्तरांत रुजल्यावरच निर्माण होऊं लागतो, आणि पुढें दर दोन-तीन दिवसांनीं दुप्पट होत जातो. बीज सुटण्याचा दिवस दर महिन्यास सारखा नसतो. तो लांबला तर रुजण्याचाहि लांबतो. अमेरिकेंत २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, पाळी अपेक्षित असते त्या दिवशीं सुमारें दहा टक्के गर्भ रुजलेलेच नसतात. त्या दिवशीं जगांतील उत्तमोत्तम परीक्षाहि अशा स्त्रीला ‘नाहीं’ असेंच सांगणार, आणि आठवड्यानें तीच परीक्षा ‘आहे’ म्हणणार. पुष्कळ पाणी पिऊन पातळ झालेलें मूत्र, नेमून दिलेल्या वेळेनंतर सुकून उमटलेली खोटी रेघ, ह्यांनींहि घोटाळा होतो. उलट, खरोखर दिसलेली फिकट रेघ चार दिवसांनीं नाहींशी होऊन पाळी येते, तेव्हां परीक्षा खोटी ठरली असें नव्हे. १९८८ सालच्या एका प्रसिद्ध संशोधनानुसार रुजलेल्या गर्भांपैकीं सुमारें पांचांतील एक, एरवीं कोणाला सुगावा लागण्यापूर्वींच गळून जातो. पूर्वीं ह्याला ‘पाळी चार दिवस उशिरां आली’ असें म्हणत व विसरून जात. आतां त्या चार दिवसांना नांव मिळालें, आणि नांवाबरोबर दुःखहि. म्हणून ‘नाहीं’ आल्यास व पाळी न आल्यास कांहीं दिवसांनीं सकाळच्या पहिल्या मूत्रावर पुन्हां परीक्षा करावी, तरीहि उलगडा न झाल्यास किंवा पोटांत दुखूं लागल्यास डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करावी, हा जो आजचा सल्ला, तो तत्त्वतः आज्यांच्याच सल्ल्याची सुधारलेली आवृत्ति होय : थोडे दिवस जाऊं द्या.

घाईचें उत्तर कसें अंगाशीं येतें ह्याचाहि दाखला ह्याच काळांत आहे. १९५० नंतर हॉर्मोनच्या गोळ्या देऊन गर्भाची परीक्षा करण्याचा प्रघात पडला. गोळ्यांनंतर रक्तस्राव झाला तर गर्भ नाहीं, न झाला तर आहे. इझाबेल गॅल ह्या ब्रिटिश डॉक्टर स्त्रीनें १९६७ सालीं ह्या गोळ्या व जन्मजात व्यंगें ह्यांचा संबंध असावा अशी शंका जाहीरपणें मांडली. कार्यकारणसंबंधाविषयीं तज्ज्ञांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तथापि ब्रिटनमध्यें त्या १९७८ पर्यंत चालूच राहिल्या, आणि २०२० सालच्या चौकशी-अहवालानें त्या १९६७ सालींच बंद व्हावयास पाहिजे होत्या असें म्हटलें. भारतांतहि अशा जहाल गोळ्यांचा ह्या कामीं दुरुपयोग होई. स्त्रियांच्या संघटनांनीं दीर्घ लढा दिल्यावर १९८८ सालीं त्यांवर बंदी आली. निरुपद्रवी पट्टीचें मोल ह्या पार्श्वभूमीवर कळतें.

आपल्या देशांत १९७१ चा गर्भपाताचा कायदा झाला, २०२१ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन मुदती वाढल्या. परंतु मुदत कितीहि असली तरी ती शेवटच्या पाळीपासून मोजतात. म्हणजे कायदाहि अखेर ‘दिवस’च मोजतो, आणि जिला उशिरां कळलें तिचे दिवस कमी पडतात. २००८ पासून ग्रामीण आरोग्य अभियानांत खेड्यांतील ‘आशा’ कार्यकर्तीच्या पिशवींत गर्भपरीक्षेची पट्टी देण्यांत आली. तिचें सरकारी नांव ‘निश्चय’. ज्या खेड्यांत डॉक्टर दहा कोसांवर आहे, तेथील स्त्रीला स्वतःविषयींची पहिली बातमी स्वतःलाच, आपल्या घराच्या आडोशाला, कोणाच्या परवानगीवांचून कळणें, ही लहान गोष्ट नव्हे. ताराबाईंच्या व विजयालक्ष्मीच्या देशांत ती तर मुळींच लहान नव्हे.

ह्या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ काय ? संशय नाहींसा झाला असें म्हणतां येत नाहीं. तो पांच महिन्यांवरून पांच-सात दिवसांवर आला, आणि हे उरलेले दिवस निसर्गानेंच राखून ठेवलेले असल्यामुळें ते कोणत्याहि पट्टीनें सर्वस्वीं पुसले जातील असें दिसत नाहीं. बदलल्या त्या दोन गोष्टी. बातमी प्रथम कोणाच्या हातीं पडते, ही एक. आणि ती कळल्यावर स्त्रीपुढें किती वाटा मोकळ्या असतात, ही दुसरी. पहिली गोष्ट शास्त्रज्ञांनीं व एका चित्रकर्त्रीनें साधून दिली. दुसरी साधावयाची ती कुटुंबानें व समाजानें. ज्या घरांत मुलगी किंवा सून हातांतली पट्टी घेऊन, उत्तर कांहींहि आलें तरी, निर्भयपणें आईकडे, सासूकडे वा नवऱ्याकडे येऊन ‘दिवस गेले कीं काय, कळत नाहीं’ असें म्हणूं शकते, त्या घरांत ते पांच-सात दिवस सुखानें नाहीं तरी धीरानें जातात. पुरंदरच्या किल्ल्यावर गंगाबाईच्या सोबतीला सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई गेली होती, असें ग्रँट डफ नमूद करतो. तहांच्या व लढायांच्या गर्दींत ही ओळ सहज नजरेआड होते. परंतु त्या संशयाच्या महिन्यांत फौजेइतकीच त्या सोबतीचीहि गरज होती.